न्हाणीत एक्झॉस्ट फॅन लावताय? आधी हवा कुठून आत येणार ते बघा

एक्झॉस्ट फॅन घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो सहा इंची देऊ की आठ इंची, आणि आपणही तेवढंच ठरवून गेलेलो असतो. कंपनी कुठली, किंमत किती, आवाज करतो का, बस. पण न्हाणीतली वाफ बाहेर जाणार की नाही हे फॅनच्या साईझपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीवर ठरतं, ती म्हणजे फॅन जेवढी हवा बाहेर फेकणार तेवढीच हवा न्हाणीत आत कुठून येणार. ती वाट नसेल तर कितीही महागाचा फॅन लावा, पातं फिरतं, आवाज येतो, वीज जाते आणि छतावरचे काळे ठिपके तसेच राहतात. मी हे इतक्या घरांत बघितलंय की आता कोणी फॅनबद्दल विचारलं की मी आधी दरवाजाबद्दल विचारतो.

गोव्यात हा विषय जरा जास्तच महत्त्वाचा आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागतो तो सप्टेंबर संपेपर्यंत, वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो, आणि त्या चार महिन्यांत बाहेरच्या हवेतच इतकं दमट असतं की दोरीवरचा टॉवेल दोन दिवस वाळत नाही. जुन्या घरांत न्हाणी मागच्या बाजूला असायची, वर कौलं, कोपऱ्यात चुलीवर पाणी तापवायचं मोठं भांडं म्हणजे भाण, त्याखाली सकाळ-संध्याकाळ लाकडं पेटायची. त्या आगीच्या उबेने न्हाणी आपोआप सुकायची आणि वाफ कौलांच्या फटीतून निघून जायची. आता वर स्लॅब, चारी बाजूंनी टाईल्स, घट्ट बसणारा पीव्हीसीचा दरवाजा आणि आत गीझर. वाफ जाणार कुठे? छताला चिकटते, थंड होते, थेंब होतात, आणि चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, रंगवलेलं छत दिवाळीपर्यंत परत काळं पडतं.

आधी एक गोष्ट तपासा, कारण इथे बऱ्याच लोकांचे पैसे फुकट जातात. काळे ठिपके आहेत म्हणजे वाफच कारण आहे असं नाही. छतावर पिवळट तपकिरी वर्तुळं दिसतायत, प्लास्टर फुगलंय, भिंतीला पांढरा लोणा लागलाय, तर पाणी वरून किंवा भिंतीतून झिरपतंय, वरच्या फ्लॅटचा पाईप असेल नाहीतर टेरेसचं वॉटरप्रूफिंग गेलं असेल, त्याला फॅन काही करू शकत नाही. शंका असेल तर जाड प्लास्टिकचा फूटभर लांब-रुंद तुकडा घ्या, भिंत पुसून कोरडी करा, चारी बाजूंनी टेपने तो तुकडा घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या मागे, म्हणजे भिंतीच्या बाजूला पाणी जमलं तर झिरप आहे. मागे कोरडं आणि पुढच्या बाजूलाच थेंब, तर ती वाफ आहे आणि तुम्हाला फॅनच पाहिजे.

फॅन किती मोठा हवा

हिशोब सोपा आहे, दुकानदारावर सोडू नका. न्हाणीची लांबी, रुंदी आणि उंची फुटात मोजा आणि गुणाकार करा. समजा फ्लॅटमधली नेहमीची आठ बाय पाच फुटांची, उंची नऊ फूट, तर ३६० घनफूट झाले. त्याला ३५ ने भागलं की घनमीटर, म्हणजे दहाच्या आसपास. न्हाणीतली हवा तासाला साधारण दहा वेळा बदलायला हवी असं धरायचं, म्हणजे तासाला १०० घनमीटर हवा बाहेर गेली पाहिजे. फॅनच्या डब्यावर हाच आकडा लिहिलेला असतो, सीएमएच म्हणून. काही डब्यांवर सीएफएम असतो, म्हणजे मिनिटाला घनफूट, तो १.७ ने गुणला की सीएमएच मिळतो.

आता इथे एक मेख आहे. डब्यावरचा आकडा हा फॅन मोकळ्यावर चालवून काढलेला असतो, समोर काही अडथळा नाही, मागे पाईप नाही, जाळी नाही. तुमच्या घरात तसं कधीच नसतं, शटर असतं, बाहेर टोपी असते, कधी जाळी असते, दरवाजा बंद असतो, त्यामुळे प्रत्यक्षात हवा खूप कमी जाते. म्हणून हिशोबाच्या दीडपट ते दुप्पट आकड्याचा फॅन घ्यायचा. वरच्या हिशोबातल्या न्हाणीला १५० ते २०० सीएमएच, म्हणजे बहुतेक कंपन्यांचा सहा इंची फॅन पुरतो. चार इंची घेऊ नका, तो छोट्या टॉयलेटला ठीक आहे, गीझरच्या आंघोळीला कमी पडतो. जुन्या घरातली न्हाणी मोठी असते, दहा बाय आठ आणि अकरा फूट उंची धरली तर २५ घनमीटर होतात, तिथे मात्र आठ किंवा नऊ इंची लागेल. उगीच मोठा घेऊन काही फायदा नाही, कारण मोठ्या फॅनला आत येणारी हवाही जास्त लागते आणि ती फटीतून येऊ शकत नाही.

काय बघून घ्यायचा

पहिलं म्हणजे बॉडी प्लास्टिकची घ्या. मेटलचे हेवी ड्यूटी फॅन कारखान्याला आणि हॉटेलच्या किचनला चांगले, पण कळंगुट, मिरामार, वास्को, कोळवा असल्या समुद्राजवळच्या भागात खारी हवा लोखंडाला सोडत नाही, पावडर कोटिंग असलं तरी स्क्रूच्या भोकापासून गंज सुरू होतो. चांगल्या एबीएस प्लास्टिकला ते टेन्शन नाही. स्क्रू पण फॅनबरोबर आलेले वापरू नका, हार्डवेअरमधून स्टेनलेस स्टीलचे आणा, दहा-वीस रुपयांत काम होतं आणि पाच वर्षांनी फॅन काढताना शिव्या द्याव्या लागत नाहीत.

मग मोटर. कॉपर वाइंडिंग आहे का, आणि बेअरिंग बॉल आहे की बुश ते विचारा. दमट जागेत बॉल बेअरिंग जास्त टिकतं. मोटरला थर्मल ओव्हरलोड प्रोटेक्शन आहे का ते बघा, पातं अडकलं तर मोटर तापून जळायच्या आधी बंद पडते. प्रोपेलर टाईपच्या व्हेंटिलेटिंग फॅनसाठी भारतीय मानक आहे आयएस २३१२, डब्यावर तो नंबर आणि आयएसआय मार्क आहे का बघून घ्या. आयपीएक्स४ लिहिलेलं असेल तर उत्तम, म्हणजे कुठूनही पाण्याचे शिंतोडे आले तरी चालतं, पण त्याचा अर्थ शॉवरच्या धारेखाली लावा असा नाही.

तिसरं म्हणजे शटर. फॅन बंद झाला की पट्ट्या आपोआप पडून भोक बंद होतं ते. गोव्यात हे नसलं तर घेऊच नका. नाहीतर पावसाची झड आत येते, पाली येतात, पाकोळ्या घरटी करतात, आणि मे महिन्यात कुंभारमाशी पात्याच्या मागे मातीचं घर करून ठेवते ते जूनमध्ये फॅन लावल्यावर कळतं.

हॅवेल्स, क्रॉम्प्टन, उषा, ओरिएंट सगळ्यांचे सहा इंची फॅन पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा कुठेही मिळतात, साधारण हजार-बाराशेपासून अडीच हजारापर्यंत. माझ्या मते तुमच्या गावात ज्याची सर्विस आहे तो घ्या. वीज ३० वॉटच्या आसपास लागते, रोज दोन तास चालवला तरी महिन्याला दोन युनिटच्या आत. बीएलडीसी मोटरचे पण आलेत, ते अजून कमी खातात, पण मुळात खर्चच इतका कमी आहे की निव्वळ वीज वाचवायला जास्त पैसे घालू नका, आवाज कमी आहे म्हणून घ्यायचा तर जरूर घ्या. आवाजाला महत्त्व द्याच, कारण जो फॅन घुर्र करतो तो घरातले लोक लगेच बंद करतात, आणि बंद फॅन वाफ काढत नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर ३० वॉटचा फॅन त्यावर आरामात चालतो, पावसात लाईट जायचीच.

लांब पाईप टाकायचा असेल, म्हणजे न्हाणी घराच्या मध्ये आहे आणि बाहेरची भिंत दूर आहे, तर मात्र हा नेहमीचा पात्यांचा फॅन चालणार नाही. तो मीटर-दीड मीटरच्या पुढे हवा ढकलू शकत नाही, पाईपमध्येच दमतो. तिथे इनलाईन डक्ट फॅन नावाचा प्रकार घ्यायचा, तो फॉल्स सीलिंगच्या वर पाईपच्या मध्येच बसतो. पाईप जमेल तितका सरळ, वळणं कमी, आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतार, म्हणजे आत जमलेलं पाणी बाहेर टपकेल, फॅनवर येणार नाही. आणि काहीही झालं तरी पाईप सीलिंगच्या वर मोकळा सोडायचा नाही. काही लोक तसंच करतात, वाफ डोळ्यांसमोरून जाते म्हणून काम झालं असं वाटतं, पण ती पीओपीच्या वर साठून स्लॅबची सळी गंजवते.

हवेची वाट

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या न्हाण्यांमध्ये वर एक व्हेंटिलेटर असतो, काचेच्या तिरक्या पट्ट्यांचा. लोक काय करतात, त्यातल्या वरच्या दोन-तीन पट्ट्या काढतात, तिथे फॅन बसवतात आणि खालच्या पट्ट्या तशाच उघड्या ठेवतात. मग फॅन लावला की हवा कुठून येते? सगळ्यात जवळून, म्हणजे फॅनच्या वीतभर खाली असलेल्या त्याच पट्ट्यांतून. बाहेरची हवा पट्ट्यांतून आत, लगेच फॅनमधून बाहेर, आणि न्हाणीतली वाफ जागच्या जागी. फोंड्याला माझ्या मावसभावाच्या फ्लॅटमध्ये हेच चाललं होतं, तो फॅन बदलायला निघाला होता, आठ इंची घेऊ म्हणत होता. फॅन तोच ठेवला, खालच्या पट्ट्यांवर आतून अॅक्रेलिकची शीट मारून सिलिकॉन लावलं, आणि दरवाजाला खाली जाळी बसवली. आरशावरची वाफ दहा मिनिटांत जायला लागली.

म्हणजे नियम असा की हवा एका टोकाने आत यावी आणि पूर्ण न्हाणी ओलांडून दुसऱ्या टोकाने बाहेर जावी. आत यायची जागा दरवाजाच्या खालून, बाहेर जायची जागा समोरच्या भिंतीत वर. दरवाजाच्या शेजारीच फॅन असेल तर हवा तिथल्या तिथे फिरून जाते आणि शॉवरचा कोपरा ओलाच राहतो.

दरवाजाखाली फट किती हवी? पाऊण इंच तरी पाहिजे, दोन सेंटिमीटर. आपल्याकडे ग्रॅनाईटची उंबरपट्टी असते आणि दरवाजा तिच्यावर अगदी टेकून बसतो, कारण सुताराला तेच चांगलं काम वाटतं. तिथे खालून दरवाजा कापून घ्या, किंवा कापायचा नसेल तर दरवाजाच्या तळाला फूटभर लांब आणि चार-सहा इंच उंच अशी तिरक्या पट्ट्यांची जाळी बसवून घ्या, अॅल्युमिनियमची किंवा पीव्हीसीची. पट्ट्या तिरक्या असल्यामुळे आतलं काही दिसत नाही.

ही फट नसेल तर अजून एक त्रास होतो जो लोकांच्या लक्षात येत नाही. फॅन लावला की न्हाणीत गटाराचा वास येतो. लोक म्हणतात फॅन खराब आहे, किंवा बाहेरचा वास आत येतो. खरं म्हणजे फॅनला दरवाजातून हवा मिळत नाही म्हणून तो मिळेल तिथून ओढतो, आणि नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे जमिनीतल्या जाळीखाली वास अडवायला साठून राहणारं, पाणी आटलेलं असेल तर थेट ड्रेनेजच्या पाईपमधून. गणपती-दिवाळीला उघडायची जी घरं वर्षभर बंद असतात, मुंबईकर किंवा आखातात नोकरीला असलेल्यांची, तिथे हे हमखास होतं. ट्रॅपमध्ये बादलीभर पाणी ओता, दरवाजा मोकळा करा, वास बंद.

गॅस गीझरबद्दल इथेच सांगतो कारण हे हवेच्या वाटेचंच आहे आणि जिवाशी खेळ आहे. गॅस गीझर न्हाणीच्या आत असेल आणि एक्झॉस्ट फॅन लावलाय म्हणून सुरक्षित आहे असं समजत असाल तर तसं नाही. गॅस जळताना हवा खातो, हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला रंग नाही वास नाही, माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला कळतही नाही. धुराचा पाईप लावलेला गीझर असेल तर बंद न्हाणीतला फॅन तो धूर उलटा आत ओढू शकतो. गॅस गीझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत, बाल्कनीत किंवा मागच्या पडवीला, आणि फक्त गरम पाण्याचा पाईप आत. यात तडजोड नको.

बाहेर जाणारी हवा कुठे जाते तेही बघा. पणजी, पर्वरी, मडगावच्या बिल्डिंगींमध्ये न्हाण्यांच्या खिडक्या बऱ्याचदा आतल्या डक्टमध्ये उघडतात, जिथे सगळे पाईप असतात. डक्ट वरून उघडी असेल तर ठीक. पण पावसाचं पाणी पडतं म्हणून सोसायटी तिच्यावर पत्रा किंवा पॉलिकार्बोनेट शीट टाकते आणि बाजूने जागा सोडत नाही, मग चार मजल्यांच्या न्हाण्यांची वाफ त्याच डक्टमध्ये फिरते आणि तुमचा फॅन बंद असला की शेजाऱ्यांची वाफ तुमच्याकडे येते. शीट फूटभर वर उचलून बाजू मोकळ्या ठेवल्या की पाऊसही अडतो आणि हवाही जाते, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा.

भोक कुठे आणि कसं

जागा निवडताना छताच्या जवळ, स्लॅबच्या साधारण सहा इंच खाली, कारण वाफ वर जाते. शॉवरच्या बाजूची भिंत चांगली पण फवाऱ्याच्या टप्प्याबाहेर. जमिनीपासून सात फुटांच्या खाली नको, हात पात्यापर्यंत जाता कामा नये. दोन भिंतींमधून निवड करता येत असेल तर पश्चिमेची आणि नैर्ऋत्येची सोडा, पावसाचा मारा तिकडूनच येतो, पूर्वेची किंवा उत्तरेची घ्या. बाहेर शेजाऱ्याची खिडकी किंवा जिन्याचा पॅसेज नाही ना तेही बघा.

व्हेंटिलेटरमध्येच बसवायचा असेल तर सगळ्यात सोपं. पट्ट्या काढायच्या, अॅल्युमिनियम फॅब्रिकेटरकडून मापाची एसीपी (दोन्ही बाजूंनी पातळ पत्रा असलेली प्लास्टिकची शीट) किंवा पाच-सहा मिलिमीटर अॅक्रेलिक शीट गोल भोक पाडून आणायची. साध्या काचेला भोक पाडायच्या भानगडीत पडू नका, फॅनच्या कंपनाने तडा जातो. आणि एक लक्षात ठेवा, सहा इंची फॅन म्हणजे पातं सहा इंच, भोक सहा इंच नाही. भोक सात-साडेसात इंचांचं लागतं, काही मॉडेलला चौकोनी लागतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून आधी फॅन आणा, डब्यातल्या कागदावरचं माप बघा, मग भोक.

भिंतीत बसवायचा तर भिंत कसली आहे ते महत्त्वाचं. गोव्यात बहुतेक घरं चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा कापायला मऊ पण भुसभुशीत, छिन्नी-हातोड्याने ठोकला की मापापेक्षा जास्त तुटतो आणि बाहेरच्या बाजूला प्लास्टरचा मोठा पोपडा निघतो. कोअर कटिंगवाल्याला बोलवा, मशीनने गोल स्वच्छ भोक पडतं, आतल्या टाईल्सही फुटत नाहीत. मशीन नसेल तर मेस्त्रीला सांगा की भोकाच्या कडेने आधी जवळजवळ ड्रिल मार, निम्मं आतून आणि निम्मं बाहेरून काप. जुन्या घरांच्या भिंती दीड-दोन फुटांच्या असतात, चिरे मातीच्या गाऱ्यात बसवलेले आणि वरचं सगळं वजन त्याच भिंतीवर. तिथे वाशांच्या टोकाखाली, तुळईखाली किंवा कोपऱ्याजवळ भोक पाडायचं नाही, आणि पाडल्यावर भोकाच्या आतली बाजू सिमेंटने गिलावा करून घ्यायची नाहीतर माती गळत राहते. एवढ्या जाड भिंतीत आतून पाईपचा तुकडा घाला, बाहेरच्या बाजूला पाव-अर्धा इंच उतार देऊन.

हे काम नोव्हेंबर ते मेमध्ये करा. पावसात चिरा पाणी पितो, सिलिकॉन ओल्या भिंतीला धरत नाही, आणि चवथीच्या तोंडावर एकही मेस्त्री मिळत नाही.

वायरिंग

हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण काय करायचं ते तुम्हाला माहीत असू दे. मेन बंद करून टेस्टरने तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. स्विच न्हाणीच्या बाहेर. वायर एक स्क्वेअर मिलिमीटरची पुरते पण तीन वायरींची ओढून घ्या, प्लास्टिक बॉडीच्या फॅनला अर्थिंगची जागा नसली तरी पुढे कधी मेटलचा लावला तर अर्थ तयार असेल. लाईटच्या सहा अँपिअरच्या सर्किटवरून घ्या. गीझरच्या पॉईंटवरून जोडू नका, खूप लोक जोडतात कारण तो जवळ असतो, पण गीझरचा एमसीबी, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच, १६ किंवा २० अँपिअरचा असतो, फॅनच्या बारीक वायरीत काही बिघडलं तर तो वेळेवर पडेलच असं नाही आणि वायर जळू शकते. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लगेच वीज तोडणारा स्विच, नसेल तर हीच वेळ आहे, न्हाणीतलं कुठलंही विजेचं काम त्याच्याशिवाय करू नये असं माझं ठाम मत आहे.

फॅनला लाईटपासून वेगळा स्विच द्या. एकाच स्विचवर असले की माणूस बाहेर पडताना लाईट बंद करतो आणि फॅनही बंद होतो, नेमका जेव्हा त्याची गरज असते तेव्हा. आंघोळीनंतर वीस-तीस मिनिटं चालला पाहिजे. विसरत असाल तर टायमर स्विच लावून घ्या, अर्ध्या तासाने आपोआप बंद.

बसवताना

फॅनवर बाण असतो, हवा कुठल्या दिशेने जाणार त्याचा. तो बाहेरच्या बाजूला. भोकात बसवून लेव्हल बघा, वाकडा बसला तर शटरच्या पट्ट्या नीट पडत नाहीत. भिंत आणि फॅनच्या मध्ये रबरची किंवा फोमची पट्टी घाला, आवाज कमी होतो. स्क्रू आळीपाळीने आवळा, एकाच बाजूने आवळला की प्लास्टिकची फ्रेम वाकते आणि पातं घासतं. बाहेरून चारी बाजूंनी सिलिकॉन, आणि वर टोपी, म्हणजे खालच्या बाजूला तोंड असलेलं हूड. आपल्याकडच्या पावसाला शटर एकटं पुरत नाही, झडीचा वारा पट्ट्या उचलतो. बाहेर जाळी लावायची तर मोठ्या भोकांची, डासांची बारीक जाळी लावली की दोन महिन्यांत ती धूळ आणि ओलाव्याने लिंपल्यासारखी होते आणि फॅनचा श्वास कोंडतो.

झालं की उदबत्ती लावून तपासा. न्हाणीचा दरवाजा बंद करा, फॅन चालू, आणि बाहेरून दरवाजाच्या फटीशी उदबत्ती धरा. धूर सरसर आत गेला पाहिजे. मग आत जाऊन फॅनजवळ, खिडकीजवळ, ट्रॅपजवळ धरून बघा. खिडकीकडून धूर फॅनकडे जोरात ओढला जातोय म्हणजे तिथे फट आहे, ती बंद करा. टिश्यू पेपरचा तुकडा फॅनच्या जाळीवर ठेवला तर चिकटून राहायला पाहिजे.

पावसाळ्यात चालवून उपयोग आहे का

हे सगळे विचारतात, बाहेरच ओलं आहे तर काय वाळणार. उपयोग आहे, कारण आंघोळीनंतर न्हाणीतली हवा गरम आणि पूर्ण भरलेली असते. ३० अंशाला हवेत घनमीटरमागे ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकतं. घरातली हवा जुलैत समजा २७ अंश आणि ८५ टक्के दमट, तर तिच्यात २२ ग्रॅम असतं. म्हणजे प्रत्येक घनमीटर हवा बदलली की सात-आठ ग्रॅम पाणी बाहेर. तासाला शंभर घनमीटर म्हटलं की सुरुवातीला चांगलंच पाणी जातं, मग हवा थंड होत जाईल तसं कमी होतं. कडकडीत कोरडी होणार नाही, फेब्रुवारीसारखी तर नाहीच, पण छतावर थेंब उभे राहणार नाहीत आणि बुरशीला तेवढंच नको असतं. त्याआधी वायपरने भिंतीवरचं आणि खालचं पाणी ओढून टाका, कारण वायपरचे दोन हात जेवढं पाणी काढतात तेवढं काढायला फॅनला तास लागतो. ओले कपडे न्हाणीत वाळत घालणार असाल तर मात्र फॅन चालूच ठेवा.

आधीची बुरशी फॅनने जात नाही. ब्लीच पाण्यात घालून स्पंजने पुसा, हातमोजे घाला, फॅन चालू ठेवा, आणि ब्लीचबरोबर टॉयलेट क्लीनर किंवा अॅसिड कधीही वापरू नका, क्लोरीन वायू तयार होतो आणि बंद न्हाणीत तो फार घातक. पूर्ण सुकल्यावरच रंग, काळ्यावर रंग मारला की तो सालीसारखा निघतो.

साफसफाई दोन-तीन महिन्यांतून एकदा, आणि मे महिन्यात एकदा नीट. एमसीबी पाडून पुढची जाळी काढा, पातं साबणाच्या पाण्याने पुसा, मोटरवर पाणी जाऊ देऊ नका, शटरच्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या ब्रशने साफ करून हाताने हलवून बघा. फॅन गुणगुणतोय पण फिरत नाही, किंवा काडीने ढकलल्यावरच सुरू होतो, तर बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो, शंभर-सव्वाशेच्या आतलं काम आहे, त्यासाठी नवा फॅन घेऊ नका. घासल्यासारखा किंवा खरखर आवाज सुरू झाला तर बेअरिंग, ते इलेक्ट्रिशियनला दाखवा, आणि तोपर्यंत बंद ठेवा.